वरच्याचा हुकूम, खालच्याचा विवेक: भिलाईच्या निमित्ताने एक आढावा

मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूर मागे पडले की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग ही गावे लागतात आणि मग भिलाई पॉवर हाउस हे स्थानक येते. १ जुलै १९९२ रोजी भिलाईच्या खासगी कारखान्यांतले कामगार बायकामुलांसह या स्थानकात रुळांवर बसले होते. कामावरून काढलेल्यांना परत घ्या, कायम करा, पोट भरेल एवढे वेतन द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. वाटाघाटींतून काही निघाले नाही. रूळ मोकळे करायला आलेल्या पोलिसांनी गोळीबार केला आणि किमान सोळा कामगार मरण पावले.

रुळांवर बसलेल्यांनी उठण्याचा हुकूम मानला नव्हता. समोरच्या शिपायांना हुकूम मानणे भाग होते, निदान त्यांची तशी समजूत होती. सत्तेची आज्ञा आणि माणसाचा स्वतःचा विवेक यांत वरचढ काय, हा वाद फार जुना आहे. त्याच्या बहुतेक चर्चा जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यांपासून सुरू होतात. आपल्याकडे तो भिलाईपासून सुरू करण्यासारखा आहे. पोलादाचा प्रचंड कारखाना, त्याच्या खाणींतून उभी राहिलेली कामगार चळवळ, पोलिसांचा गोळीबार आणि कारखान्यातले जीवघेणे अपघात हे सगळे या एकाच टापूत घडले आहे. या वादात आजवर काय म्हटले गेले, कायदा कुठवर आला आणि काय अडून राहिले आहे, ते इथे क्रमाने पाहू.

पोलादाचे गाव आणि तिथली शिस्त

सोव्हिएत मदतीने भिलाईत कारखाना उभारण्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. विदर्भातून नोकरीसाठी तिकडे गेलेली मराठी घरे आज तिथलीच झाली आहेत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली.

अशा कारखान्यात आज्ञापालनाला नावे ठेवून चालत नाही. वितळलेल्या लोखंडाने भरलेली लॅडल डोक्यावरून जात असताना क्रेनचालकाने आपले डोके चालवायचे नसते. नेमून दिलेल्या एकाच सिग्नलमनच्या हाताकडे त्याने पाहायचे असते. दहा जण दहा खुणा करू लागले तर माणसे मरतील. पण त्याच नियमावलीत एक अपवाद आहे आणि तो जगभरच्या क्रेनवर चालतो. ‘थांबा’ ही खूण कोणीही केली, मग तो झाडूवाला का असेना, तरी चालकाने थांबलेच पाहिजे. चालवण्याचा अधिकार एकाचा, थांबवण्याचा सगळ्यांचा. या वादावर मी जे वाचले आहे त्यात इतकी साधी आणि इतकी पुढारलेली व्यवस्था मला क्वचितच दिसली. कारखान्याने ती क्रेनपुरती मान्य केली. बाकीच्या व्यवहारात तिला जागा मिळाली नाही, आणि पुढचा सगळा वाद तिथूनच उद्भवतो.

शंकर गुहा नियोगी याच कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये कामाला होते. आंदोलनामुळे त्यांची नोकरी गेली. १९७७ मध्ये दल्ली राजहराच्या लोहखाणींतले ठेका मजूर बोनसच्या करारावरून मान्यताप्राप्त युनियनांवर नाराज झाले आणि हजारोंच्या संख्येने बाहेर पडले. आणीबाणीत तुरुंगवास भोगून आलेल्या नियोगींना त्यांनी नेतृत्व दिले आणि ‘छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ’ उभा राहिला. म्हणजे मजुरांनी पहिली अवज्ञा सरकारची केली नव्हती, आपल्याच पुढाऱ्यांची केली होती. त्याच वर्षी २ आणि ३ जूनला दल्ली राजहरात गोळीबार झाला आणि अकरा जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमांतून शहीद हॉस्पिटल बांधले. ते १९८३ पासून चालू आहे.

या संघटनेची स्वतःची शिस्तही कडक होती, हे सांगायला हवे. दारूबंदीच्या मोहिमेत पिणाऱ्या सभासदाला दंड होत असे. हजारो घरांत पगार शाबूत घरी पोचू लागला, हे खरे. मात्र माणसाने संध्याकाळी काय करावे हे संघटनेने सांगावे का, हा प्रश्नही तेव्हापासूनचा आहे. सत्ता म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पोलीस आणि साहेब येतात. युनियन, पंचायत, पक्ष आणि घरातला कर्ता यांचे हुकूम त्या यादीतून सुटतात.

१९९० मध्ये नियोगी भिलाईच्या खासगी कारखान्यांकडे वळले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतल्या घरात झोपेत असताना त्यांचा गोळी घालून खून झाला. दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये काही उद्योजकांसह अनेकांना दोषी धरले. १९९८ मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये फक्त गोळी झाडणाऱ्याला दोषी धरून जन्मठेप दिली. गोळी कुणी झाडली ते सिद्ध झाले, कुणाच्या सांगण्यावरून झाडली ते न्यायालयात सिद्ध झाले नाही.

शिस्तीच्या बाजूचे म्हणणे

हुकूम मानावा, असे म्हणणाऱ्यांना सत्तेचे भाट समजणे अन्यायाचे होईल. या बाजूला फार मोठी माणसे उभी आहेत.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह, असहकार आणि कायदेभंग हे मार्ग आता सोडून द्यावेत असे बजावले होते. सनदशीर मार्ग बंद होते तोवर त्यांचे समर्थन करता येत होते, आता ते मार्ग खुले झाले आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्यांनी १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले त्यांनी हे म्हणावे, याला वजन आहे. नियम हा दुबळ्याचा शेवटचा आधार असतो आणि प्रत्येक जण आपापल्या विवेकाने चालू लागला तर बलवानाचाच विवेक चालेल, ही भीती त्यामागे आहे.

गांधीजींची भूमिका त्याहून चकित करणारी आहे. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्र पठाणांवर गोळ्या झाडायला नकार दिला. गढवालींना जन्मठेप झाली. देशाने त्यांना डोक्यावर घेतले. पण एका फ्रेंच पत्रकाराने विचारले तेव्हा गांधीजींनी या शिपायांची पाठराखण केली नाही. शिपायाने शपथ घेतलेली असते. नोकरी नको तर त्याने ती सोडावी, पण नोकरीत राहून हुकूम मोडू नये. आज मी त्यांना हे शिकवले तर उद्या आपले राज्य आल्यावर ते माझेही ऐकणार नाहीत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. कायदेभंगाचा सर्वांत मोठा आचार्य गणवेशातल्या माणसाला ती मुभा देत नाही. हे उत्तर मला पटत नाही, पण त्यातली अडचण खरी आहे. आज गोळी न झाडणारा शिपाई उद्या दंगलीत अडकलेल्या वस्तीला वाचवण्याचा हुकूमही धुडकावू शकतो.

विवेकाच्या बाजूचे म्हणणे

मराठी माणसाला यासाठी दूर जावे लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी गादीवर बसलेल्या रघुनाथरावांनाच दोषी ठरवले आणि त्यांच्या राज्यात काम करायचे नाही म्हणून पुणे सोडले. त्याच प्रसंगाची ‘ध चा मा’ ही आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. ती खरी असो वा नसो, वरून आलेल्या कागदावर विसंबून हत्यार उचलणाऱ्या गारद्यांचा प्रश्न तिने लोकांच्या तोंडी ठेवला आहे.

आणीबाणीने हा प्रश्न पुन्हा उभा केला. २५ जून १९७५ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांनी पोलीस आणि लष्कराने बेकायदा हुकूम मानू नयेत असे आवाहन केले. आणीबाणीचे समर्थन करताना सरकारने याच आवाहनाकडे बोट दाखवले. पुढच्या वर्षी, २८ एप्रिल १९७६ रोजी, जबलपूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चौघांनी बंदींना दाद मागण्याचा हक्क नाकारला. एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी भिन्न मत दिले. त्यांची ज्येष्ठता डावलली गेली, सरन्यायाधीशपद हुकले आणि त्यांनी राजीनामा दिला. न्यायालयाने १९७६ चा तो निकाल चूक ठरवायला २०१७ उजाडले. आणीबाणीनंतर नेमलेल्या शहा आयोगाने अधिकाऱ्यांच्या वागण्याची तपासणी केली, तेव्हा बऱ्याच जणांनी बरेवाईट पारखणेच सोडून दिल्याचे त्याला आढळले.

या बाजूची अडचण अशी की तिची उदाहरणे बहुतेक वेळा मोठ्या पदावरची असतात. रामशास्त्री पुणे सोडू शकले, खन्ना राजीनामा देऊ शकले. बस्तरमध्ये महिना तीन हजार रुपये मानधनावर ‘विशेष पोलीस अधिकारी’ म्हणून भरती केलेल्या, जेमतेम शिकलेल्या आदिवासी तरुणाने काय सोडायचे आणि कुठे जायचे? ५ जुलै २०११ च्या सलवा जुडूमविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा तरुणांना नक्षलवाद्यांशी लढायला वापरणे घटनाबाह्य ठरवले. विवेक सगळ्यांना असतो, पण त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. विवेकवादी लेखनात या किमतीचा हिशोब फार कमी आढळतो.

कायद्याने काढलेली वाट

कायदा या दोन टोकांच्या मधून चालतो. १८६१ च्या पोलीस कायद्याने शिपायावर हुकूम तत्परतेने पाळण्याचे बंधन घातले, पण ते ‘कायदेशीरपणे दिलेल्या’ हुकमाचे. १९५० च्या लष्करी कायद्यातही अवज्ञेचा गुन्हा कायदेशीर आज्ञेपुरताच आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ७६ खाली दिलेले पहिलेच उदाहरण जमावावर गोळी झाडणाऱ्या सैनिकाचे होते: वरिष्ठाच्या हुकमावरून आणि कायद्याच्या आज्ञेला धरून त्याने गोळी झाडली, तर गुन्हा नाही. या वाक्यातला पहिला भाग सगळ्यांना आठवतो, दुसरा विसरला जातो. नुसता वरिष्ठाचा हुकूम पुरेसा नाही, तो कायद्याला धरूनही असला पाहिजे. हेच कलम आता भारतीय न्याय संहितेत चौदावे झाले आहे. ती संहिता लागू झाली १ जुलै २०२४ रोजी, भिलाईच्या गोळीबाराला बत्तीस वर्षे झाली त्याच दिवशी.

मग हुकूम कायदेशीर आहे की नाही हे शिपायाने त्या क्षणी कसे ठरवायचे? न्यूरेंबर्गनंतरच्या आंतरराष्ट्रीय कायद्याने उत्तर दिले की हुकमाचा बेकायदेशीरपणा उघड दिसत असेल तर ‘वरून आदेश होता’ हा बचाव चालणार नाही. मुंबईच्या एका प्रकरणात हे तत्त्व आपल्याकडे ठळकपणे आले. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला पोलिसांनी चकमकीत मारल्याचे दाखवले. या प्रकरणातल्या पोलिसांच्या जामिनाच्या वादात, २०११ च्या प्रकाश कदम निकालात, सर्वोच्च न्यायालयाने न्यूरेंबर्गचा दाखला दिला आणि वरिष्ठाने सांगितले म्हणून बनावट चकमक करणाऱ्याला माफी नाही असे बजावले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांसह एकवीस जणांना दोषी धरले. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आधी निर्दोष सुटलेले माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही जन्मठेप दिली.

ठरवून केलेल्या चकमकीत बेकायदेशीरपणा उघड असतो. पॉवर हाउस स्थानकासारख्या प्रसंगी तो उघड नसतो. रूळ अडवणे बेकायदा होते, जमाव हटवण्याचा अधिकार प्रशासनाला होता. वाद उरतो तो किती बळ वापरावे याचा, आणि तो निवाडा जागेवर काही सेकंदांत होतो. शिवाय सद्भावनेने कारवाई केलेल्या पोलिसांवर खटला भरायला सरकारची परवानगी लागते. त्यामुळे गोळीबारातली वैयक्तिक जबाबदारी न्यायालयापर्यंत पोचतच नाही, ही मानवी हक्क संघटनांची तक्रार आहे. ही परवानगीची अट नसेल तर कोणताही अधिकारी दंगलीत उतरायला धजणार नाही, असे पोलीस अधिकारी म्हणतात. दोन्ही म्हणणी अजून तशीच समोरासमोर उभी आहेत.

प्रयोगशाळेतून काय कळले

मानसशास्त्राने या वादाला १९६१ मध्ये वेगळे वळण दिले. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रम यांनी सामान्य माणसांना, चुकीचे उत्तर देणाऱ्याला विजेचा वाढता झटका द्यायला सांगितले. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हते. चाळीसपैकी सव्वीस जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. माणूस हुकमाचा ताबेदार आहे, असा निष्कर्ष जगभर पसरला.

अलीकडे हे चित्र बरेच बदलले आहे. जीना पेरी यांनी जुन्या ध्वनिफिती तपासून दाखवले की अनेकांना झटके खरे असल्याविषयी शंका होती. हॅस्लम आणि रायशर यांच्या मते माणसे हुकमाला भिऊन पुढे गेली नाहीत, आपण विज्ञानाच्या चांगल्या कामाला हातभार लावतो आहोत या समजुतीने गेली. ‘तुम्हाला पर्यायच नाही’ असे दरडावले की उलट बहुतेक जण थांबत. मिलग्रमच्याच प्रयोगाचा एक प्रकार मात्र फारसा कुणी सांगत नाही. शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला, तेव्हा चाळीसपैकी फक्त चार जण शेवटपर्यंत गेले.

भिलाईच्या संदर्भात मला हा आकडा सगळ्यांत मोलाचा वाटतो. दल्ली राजहराच्या मजुरांना युनियनची काय गरज होती, याचे उत्तर त्यात आहे. ‘नाही’ म्हणणारा एकटा असला की तो बंडखोर ठरतो. शेजारचे दोघे त्याच्याबरोबर असले की त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. विवेक ही फक्त एकट्याची गोष्ट मानणारी मांडणी इथे तोकडी पडते.

थांबवण्याचा अधिकार

या वादाचा तिसरा प्रवाह तत्त्वचिंतकांनी दुर्लक्षिला आहे. तो आहे कामाच्या जागेवरचा. १२ जून २०१४ रोजी भिलाई इस्पात कारखान्यात पाणीपुरवठ्यात बिघाड झाला. ब्लास्ट फर्नेसचा वायू पाण्याच्या नळातून उलटा पंप हाउसमध्ये शिरला आणि सहा जण गेले. त्यांत दोन उपमहाप्रबंधकही होते. या वायूतल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो रँक पाहत नाही. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हनच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम चालू असताना आग लागली. नऊ जण त्याच दिवशी गेले आणि जखमींतले आणखी काही नंतर. कारखान्याच्या प्रमुखांना हटवण्यात आले, दोन अधिकारी निलंबित झाले.

त्या दिवशी कुणाला धोका दिसला होता का, याविषयी तर्क लढवणे योग्य नाही. पण दिसला असता तर कामगाराला काय करता आले असते? कारखाने अधिनियमात १९८७ मध्ये कलम ४१-एच घातले गेले. जिवाला तातडीचा धोका वाटला तर कामगाराने तो मालक, सुरक्षा समिती आणि निरीक्षक यांच्या लक्षात आणून द्यावा आणि मालकाने लगेच उपाय करावा, असे ते सांगत होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हेच सूत्र आहे. कळवण्याचा हक्क मिळाला. हत्यार खाली ठेवून बाहेर यायचा हक्क शब्दांत मिळाला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५व्या कराराने मात्र, गंभीर धोक्यापासून दूर होणाऱ्या कामगाराला शिक्षा होता कामा नये, असे स्पष्ट म्हटले आहे. काम थांबवण्याचा सरसकट हक्क दिला तर तो वेतनाच्या भांडणात वापरला जाईल, ही व्यवस्थापनांची शंका आहे. तिच्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही.

कचेऱ्यांत याच प्रश्नाचे रूप म्हणजे तोंडी आदेश. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या आचरण नियमांनुसार वरिष्ठाचा आदेश सहसा लेखी असावा आणि तोंडी दिला तर नंतर लेखी पक्का करावा. टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोंडी आदेशांवर चालू नये, ते नोंदवावेत, असे सांगितले. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण वर्षानुवर्षे अंमलात आणला गेला नाही.

काय अडून आहे

तत्त्वाच्या पातळीवर आज बऱ्यापैकी एकमत आहे. उघड बेकायदा हुकूम पाळू नये आणि पाळणाऱ्याला हुकमामागे लपता येऊ नये. न्यायालये, लष्करी कायदा आणि मानवी हक्कवाले सगळे इथवर एकत्र येतात. भांडण उरले आहे ते नकारानंतरच्या दिवसाचे. ज्याचा नकार पुढे योग्य ठरला त्याची बढती, पेन्शन आणि बदली यांचे काय होते, याची शहानिशा करणारी यंत्रणा पोलिसांत नाही, कचेरीत नाही आणि कारखान्यातही नाही. आदेश लेखी मागणे हा नियम असला तरी, जमाव समोर असताना शिपाई तो कसा मागणार, याचे उत्तर कोणत्याही आयोगाने दिलेले नाही. अशा वेळी आदेशाची नोंद आपोआप व्हावी, म्हणजे वायरलेसवरचे बोलणे आणि अंगावरचा कॅमेरा सक्तीचा करावा, अशी एक सूचना आहे. तिचा पुरावा शेवटी कोणाच्या ताब्यात राहील, यावर ती अडते.

कारखान्यांत अडचण आणखी खालच्या पायरीवर आहे. धोक्याचे बरेचसे काम आता ठेका कामगार करतो. कायम कामगाराने काम थांबवले तर युनियन पाठीशी असते आणि चौकशीचे नियम असतात. ठेकेदाराच्या माणसाचा गेटपास दुसऱ्या दिवशी नव्याने दिला नाही की विषय संपतो आणि त्याला कोणी शिक्षा केली असे कागदावर कुठेही दिसत नाही. सुरक्षा समितीत त्याचा प्रतिनिधी असावा का, त्याने थांबवलेल्या पाळीची हजेरी कोणी भरावी, कारखान्याने की ठेकेदाराने, आणि गेटपास रोखण्याचे कारण लिहून देण्याची सक्ती करावी का, हे प्रश्न १९७७ मध्ये दल्ली राजहराच्या मजुरांनी वेगळ्या शब्दांत विचारले होते. नव्या श्रम संहितांचे नियम राज्याराज्यांत ठरताना त्यांची उत्तरे देता येतील.